बिल्डिंगचा रंग

एंगेजच आहे अजून. — राहू द्या, रिसीव्हरला रुमाल कशाला लावताय, पुसलाय मी — प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसतो, डेटॉलने, वास येतोय बघा. येतोय ना? मग. पण लावा, लावा, माझं काही म्हणणं नाही, सगळा मीरा रोड हल्ली रुमालातूनच बोलतोय. पंचाईत माझी होते. पूर्वी माणसाने मला नुसतं 'दत्ताराम' म्हणून हाक मारली की मी सांगायचो कोण ते. हा स्वाइन फ्लू आल्यापासून सगळ्यांचे आवाज सारखे, गोधडीतून आल्यासारखे. तुमचा अंदाज आला तो बुटांवरून. बूट घालून पीसीओवर आलेला माणूस म्हणजे मोबाइलची बॅटरी गेलेला माणूस — बरोबर? नाहीतर आमच्याकडे कोण येतंय आता. आंधळ्याला बूथ द्यायचा असं सरकारने ठरवलं तेव्हा मोबाइल नव्हते ना, सरकारला कुठलं दिसायला पुढचं. मलाही नाही दिसलं. — परत लावू? मिसेस बोलत असतील कुणाशी. लावतो. — एंगेज.

उभे राहा की, घाई काय आहे. नाही, एकटाच असतो मी. मंडळी गावाला गेलीय, रत्नागिरीला, गणपती आले ना जवळ. — थांबा हं जरा. बोलू नका. — नाही, काही नाही. काय म्हणत होतात, मास्क? बरोबर आहे, घालायलाच हवा. परवा मीही जाऊन आलो ना तपासायला, सरकारी हॉस्पिटलात. व्यवस्था चांगली आहे, नावं ठेवायला जागा नाही. अपंगांसाठी वेगळी रांग केलीय. त्याचा मोठा बोर्ड लावलाय म्हणे, बाण-बिण काढून. आम्ही दोघं सकाळपासून जनरल रांगेत, दोघंही ठार आंधळे, आणि बोर्ड आमच्या डोक्यावर. दुपार झाली तेव्हा एक बाई म्हणाली, अहो, तुम्ही इथे का, तुमची रांग तिकडे. तिकडे म्हणजे कुठे? तर म्हणे, त्या बाणाच्या दिशेने. बोटही दाखवलं असेल तिने, माणूस वाईट नव्हता. पण हाताला धरून नेणार कोण — लांब राहा, लांब राहा म्हणून भोंग्यावर ओरडतच होते.

दोघं म्हणजे? दोघं म्हणजे मी आणि मंडळी. शेवंती. — गावाला गेली म्हटलं मी? म्हटलं असेन. खरं सांगितलं की गिऱ्हाईक पळतं हो साहेब.

डॉक्टर चांगला होता. लांबूनच, पण चांगला. म्हणाला, हिला ताप आहे, वेगळ्या खोलीत ठेवा, एकमेकांना हात लावायचा नाही, आणि धाप लागली तर ताबडतोब इथे आणा, औषध इथेच मिळतं, बाजारात नाही. म्हटलं, डॉक्टर, आमची खोलीच एक. म्हणे, दोन कोपरे करा. केले. — आता मला सांगा, तुमची बायको कशी आहे ते तुम्हाला बघायचं असेल तर तुम्ही बघता. मी काय करणार? कपाळावर हात ठेवला की मला ती दिसते. लग्न झाल्यापासून मी तिला दुसऱ्या कशाने बघितलेलीच नाही, तिनेही मला. म्हणजे डॉक्टर काय म्हणाला, तर नवराबायकोने एकमेकांचं तोंड बघायचं नाही. मग आम्ही टाळीची युक्ती काढली. ती तिच्या कोपऱ्यातून टाळी वाजवते, मी समजतो, बरी आहे. ही बूथची मागची भिंत आहे ना, तिच्या पलीकडेच आमची खोली, तळमजल्यावर. मघाशी थांबा म्हटलं ते त्याच्यासाठी. काल सणसणीत वाजत होती. आज नुसती हातावर हात ठेवल्यासारखी. पहाटे मी गेलो तिच्या कोपऱ्यात. हात धरून बसलो. नियम मोडला, माहितीय मला. श्वास असा वरच्या वर चालला होता आणि मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

नेत का नाही? नेतोय की, कधीपासून नेतोय. रिक्षावाले ताप म्हटला की पुढे जातात. एक थांबला बिचारा, म्हणाला, 'चाचा, मेरे घर में छोटे बच्चे हैं.' आता त्याचंही खोटं नाही. शेजारचे दाराआडून विचारतात, कशी आहे, आणि मी तोंड उघडायच्या आत कडी. मग म्हटलं ॲम्ब्युलन्स बोलवू, फोनला काय तोटा आहे माझ्याकडे. लावला. तिकडचा माणूस म्हणाला, पत्ता सांगा. सांगितला — पूनम सागरच्या पुढची गल्ली, शांतिदीप. म्हणे, त्या गल्लीत सगळ्या बिल्डिंगी सारख्याच, पाट्या झाडाआड गेल्यात, रंग सांगा. मला ठाऊक होता हो. खोली घेतली तेव्हा एजंटने सांगितलेला, पिस्ता. अगदी ठणकावून सांगितलं, पिस्ता. वर काठी उंच धरून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, गाडीला दिसावं म्हणून. तर एका सज्जनाने — मला हात नाही लावला, काठीचं टोक धरलं — आणि मला रस्ता पार करून दिला. मला नव्हता करायचा पार. हे त्याला सांगेपर्यंत मी पलीकडे. तिथून सायरन ऐकला, येतानाचा आणि जातानाचा. परत फोन केला तर म्हणाले, पिस्ता रंगाची बिल्डिंगच नाही त्या गल्लीत, खोटे कॉल करू नका. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मे महिन्यात सोसायटीने बिल्डिंगला नवा रंग काढला होता. वास आला होता मला. वर्गणीसुद्धा भरली. कुठला रंग लावला ते विचारायचं राहिलं.

मग विचारलं ना. वरच्या सुचेताबाई म्हणाल्या बदामी, दूधवाला म्हणाला क्रीम — हे रंग आहेत की बर्फीच्या दुकानातल्या वड्या? सेक्रेटरी म्हणाला, रंगाचं सोडा, ॲम्ब्युलन्स दारात आणू नका, बिल्डिंगचं नाव खराब होतं. तुम्ही यायच्या जरा आधीच पुन्हा लावला होता फोन. दोन्ही रंग सांगितले. तो म्हणाला, काका, सकाळी एक रंग, आता दोन, तुम्हाला दिसत नाही ना? मग तुमच्याजवळ दिसणारं कुणी असेल त्याला द्या, तो सांगेल, आम्ही येतो. म्हणजे मी सांगितलेलं धरत नाहीत. मी म्हटलं, आजारी माझी बायको आहे. तो म्हणाला, हो, पण दिसणारं कुणी आहे का?

आता तुम्ही आहात. तुमचा नंबर एंगेजच आहे, तोवर माझा एक लावतो. तुम्ही काही करायचं नाही साहेब. आत यायला नको, कुणाला शिवायला नको. नुसती मान वर करायची, बूथच्या मागची बिल्डिंग बघायची आणि जे दिसेल ते त्याला सांगायचं — रंग, गेट कुठल्या बाजूला, बस. तेवढं झालं की तुम्ही तुमच्या वाटेने, तुमच्या कॉलचं मला काही नको. बोटांना पाठ झालाय हा नंबर, बघा, लागलासुद्धा. रिंग जातेय. — हॅलो. हो, मघाचाच मी, शांतिदीप. हो, आहेत ना. डोळस आहेत, शिकलेले आहेत, बाजूलाच उभे आहेत. देतो. — साहेब, धरा.

साहेब?

— हॅलो. नाही, नाही, ठेवू नका. होते हो, आत्ता इथेच होते. — नाही, आता मीच आहे. मलाच विचारा ना. रंग सोडून काहीही विचारा.