एक रेघ, बाजूला सही

(कॉलेजातली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. तास संपलेत. लॅब सांभाळणारे काका टेबलांवरचे मीटर उचलून कपाटात ठेवतायत.)

सर : हे बघ, आधी बस. असं उभ्या उभ्या ओरडून काही होणार आहे का?

मुलगी : मी ओरडत नाहीये, सर. विचारतेय. माझ्या अर्जावर ‘शिफारस आहे’ असं लिहिलं होतंत ना तुम्ही? ह्याच टेबलावर, माझ्यासमोर?

सर : लिहिलं असेल. रोज पन्नास कागद येतात माझ्यापुढे.

मुलगी : असेल नाही, लिहिलं होतंत. काका, तुम्ही पण होतात. तुमचंच पेन घेतलं होतं सरांनी.

काका : मला मध्ये घेऊ नका बुवा. पेन माझं होतं, एवढं खरं. परत आलं नाही म्हणून लक्षात राहिलं. आणि पोरी, त्या तिसऱ्या टेबलाला रेलू नकोस, मीटर हलतो.

सर : ऑफिसात नक्की काय म्हणाले?

मुलगी : पदवीच्या यादीत माझं नाव नाही. क्रेडिट सगळे भरलेत, दोन जास्तच झालेत. पण ‘प्रगत प्रयोगशाळा’ सक्तीची आहे आणि ती मी केलेली नाही. आता ती पुढच्या वर्षीच.

सर : अरेरे. समितीपुढे कोणाचं काही चालत नाही गं. मी तुझ्या बाजूनं बोललो होतो, अगदी कळकळीनं. पण बाकीचे चौघे...

मुलगी : समितीपर्यंत अर्ज गेलाच नाही, सर. मार्गदर्शकाची शिफारस नसली की तो खिडकीवरूनच परत येतो. ऑफिसच्या खिडकीवरच्या बाईंनी काढून दाखवला मला. ‘आहे’वर व्हाइटनर लावलाय आणि वर ‘नाही’ लिहिलंय. खाली आणखी एक ओळ. ‘विद्यार्थिनीने स्वतःच्या मर्जीने विषय सोडला.’ अक्षर तुमचं आहे.

(सर दाराकडे बघतात.)

मुलगी : कागद ट्यूबलाइटसमोर धरला. खालचं ‘आहे’ अजून दिसतं.

सर : दार लावा हो, काका.

काका : लावतो. मी बाहेर थांबू का?

मुलगी : नाही. तुम्ही थांबा.

सर : व्हर्निअर, माझं ऐकून तर घे...

मुलगी : ते नाव नका घेऊ आता. पहिल्या वर्षी व्हर्निअर मापपट्टीवर माझी मापं बरोबर यायची म्हणून ठेवलं होतंत ना? घरी जाऊन सांगितलं होतं मी आईला. चार दिवस नाचत होते.

सर : मॅडम विचारायला लागल्या. विभागप्रमुख आहेत त्या. सक्तीचा विषय सोडायला हिला कोणी सांगितलं, म्हणून. मी काय उत्तर देणार होतो?

मुलगी : खरं. तुमच्या खगोलाच्या विषयाला नऊ मुलं होती. दहा झाली नसती तर तो रद्द झाला असता. त्याचा तास आणि लॅबचा तास एकाच वेळी. तुम्ही कॉरिडॉरमध्ये मला थांबवलंत. म्हणालात, तू तशीही लॅबमध्येच पडलेली असतेस, प्रकल्पाचं काम लॅबच्या जागी धरून घेतो, तू फक्त अर्ज कर, बाकी माझ्याकडे लागलं.

सर : तुलाही आवडायचा तो विषय.

मुलगी : आवडायचा. म्हणून तर जास्त लागतंय मनाला.

सर : तीन वर्षं भांडून मिळवलाय मी तो. मुलं ओढून आणली असं ठरलं तर उद्या बंद करतील. पुढच्या वर्षासाठी सतरा जणांनी नावं दिलीत. त्यांचं काय?

मुलगी : आणि माझं? महिनाअखेर पदवीचा कागद दाखवला नाही तर पुढच्या शिक्षणाला ज्या संस्थेत प्रवेश मिळालाय, तिथली जागा जाते. त्या संस्थेत बारा जागा आहेत, सर. त्यातली एक माझी आहे. आईनं बॅग आणून ठेवलीय.

सर : तू हुशार आहेस. तुझं एक वर्ष गेलं तरी तू उभी राहशील. विषय एकदा बंद पडला की पुन्हा उभा राहत नाही.

मुलगी : म्हणजे विचार करून केलंत. मला वाटत होतं, घाबरून केलं असेल.

काका : सर, चहा सांगू का?

सर : नको.

मुलगी : पहिल्या दिवशी काय शिकवलंत आम्हाला, आठवतं? वहीत आकडा चुकला तर खोडायचा नाही. एक रेघ मारायची, बाजूला सही करायची. चुकलेलाही वाचता आला पाहिजे. एकदा मी रबर वापरला तर अख्खी वही परत लिहायला लावलीत. मी रडत रडत लिहिली, आणि तुम्हाला देवमाणूस समजले.

सर : ती वही वेगळी, हे वेगळं.

मुलगी : हा घ्या अर्ज. बाईंनी साडेपाचपर्यंत खिडकी उघडी ठेवलीय माझ्यासाठी. ‘नाही’वर एक रेघ मारा. बाजूला सही करा. बाकी मी मॅडमना काही सांगणार नाही.

सर : ...उद्या बघू. मला आता मीटिंग आहे.

मुलगी : उद्या खिडकी बंद असेल.

सर : शांत झालीस की बोलू आपण.

मुलगी : सर.

सर : आता काय?

मुलगी : खिशातलं ते पेन काकांचं आहे.

सर : ...हे घ्या, काका. विसरूनच गेलो.

काका : असू दे, असू दे.

मुलगी : सर गेले.

काका : पाणी पी जरा. ओठ सुकलेत बघ तुझे.

मुलगी : केसानं गळा कापला, काका. आणि अजून मला वाटतंय की जिन्यावरून परत येतील.

काका : नाही यायचे.

मुलगी : तुम्ही पाहिलं होतंत. ‘आहे’ लिहिताना. मॅडमना एवढंच सांगाल? मी येते बरोबर. पाच मिनिटांचं काम आहे.

काका : माझी दोन वर्षं राहिलीत गं पोरी. सरांच्या हाताखालीच काढायचीत.

मुलगी : हो. बरोबर आहे.

काका : रागावलीस?

मुलगी : नाही. किती वाजले?

काका : पाच पस्तीस... पुढच्या वर्षी लॅबला लवकर येत जा. ह्या तिसऱ्या टेबलाची जागा धर.

मुलगी : का?

काका : इथला मीटर खरं दाखवतो.