नेहेते डॉक्टरांची थैली

सन्माननीय अध्यक्ष श्री. तोतारामशेठ, व्यासपीठावरील ज्येष्ठ पाहुणे जीवरामआबा, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते येथील गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर लीलाधर नेहेते, समारंभाचे चिटणीस पंडितराव, उजव्या बाजूला बसलेल्या माता-भगिनी आणि धुळ्याचे नागरिकहो,

साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाला बातमी आधी आणि बाकीचे मागून अशी सवय असते. तेव्हा बातमी आधी सांगतो. आज दुपारी चार वाजता तार आली. चौकशीचे साहेब सोमवारी सकाळच्या गाडीने धुळ्यास येत आहेत आणि चौकशी पुरी होईपर्यंत डॉक्टरांनी शिंदखेड्यास रुजू होऊ नये, असा हुकूम आहे. तार खुद्द डॉक्टरांनी मला दाखवली. मी ती दोनदा वाचली. म्हणजे आपण ज्यांना आज निरोप देत आहोत, ते निदान सोमवारपर्यंत कुठेही जात नाहीत. हार आणलेले आहेत, त्यांचे काय करायचे ते पंडितरावांनी ठरवावे.

हसलात, बरे वाटले. मी आलो तेव्हापासून या सभागृहात कोणी हसलेले ऐकले नव्हते. पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या रिकाम्या आहेत. खांबांच्या आड मात्र दाटी झाली आहे. येणारा प्रत्येक जण आधी कोण कोण आले आहे ते पाहतो, मग डॉक्टरांकडे पाहतो आणि मग मागे जाऊन बसतो. समारंभाला आलो नाही असेही दिसू नये आणि डॉक्टरांच्या जवळचा आहे असेही दिसू नये, अशी ही बसण्याची तऱ्हा आहे. मी कोणाला दोष देत नाही. चौकशी चालू असलेल्या माणसाशेजारी खुर्ची घ्यायला कोणाला आवडते?

पंधरा दिवसांपूर्वी या समारंभाच्या समितीची बैठक झाली. रिवाजाप्रमाणे सत्कारमूर्तींना वर्गणीच्या पैशांची थैली अर्पण करावी, असे पंडितरावांनी सुचवले. डॉक्टर शांत गृहस्थ, पण त्या दिवशी ते ताडकन उठले. म्हणाले, "शाल द्या, नारळ द्या, काही देऊ नका. थैली हा शब्दसुद्धा काढू नका!" बैठकीत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्याच संध्याकाळी बाजारात बोलले गेले की एवढा भडकला म्हणजे पाणी मुरते आहे.

पाणी कुठे मुरत होते ते आज सांगतो.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर फैजपूरहून इथे आले. आपला गुरांचा दवाखाना म्हणजे बैल, गायी, म्हशी, फार तर टांग्याचे घोडे. मांजर घेऊन कोणी तिथे जात नव्हते. मांजराला खरूज झाली, नखांनी ते पोरांना ओरबाडू लागले, की आपल्याकडे एकच उपाय ठरलेला. पोत्यात घालायचे आणि पांझरा नदीपलीकडे सोडून यायचे. त्या पोत्याच्या तोंडाशी गाठ मारताना आपण सगळे दुसरीकडे पाहतो, कारण मांजर मेले तर सोन्याचे मांजर काशीला न्यावे लागते हे आपल्याला ठाऊक असते. मेले की नाही ते पाहायला मात्र कोणी परत जात नाही.

डॉक्टरांनी मांजरे तपासायला घेतली आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून घेतले. मग ते चिंधा शिंप्याकडे गेले. जुन्या तंबूचे जाड कापड सोबत नेले होते.

चिंधाने विचारले, "डाक्टर, माप कोन्हं लेऊ?"

"मांजराचं."

चिंधाने टेप गळ्यात अडकवला आणि डॉक्टरांकडे नीट पाहून घेतले. "मांजरनं? झबलं शिवानं शे का पैजामा?"

चिंधाभाऊ तिथे मागे बसले आहेत, त्यांनीच मला हे सांगितले. वर हेही सांगितले की डॉक्टरांचे डोके उन्हाने फिरले असावे अशा संशयाने त्यांनी त्या दिवशी शिलाई आधी मागितली.

झबले नव्हते, पैजामाही नव्हता. ती थैली होती. मांजर आत घालायचे, गळ्याशी नाडी बेताची आवळायची, डोके बाहेर. चार पायांच्या जागी चार लहान तोंडे, प्रत्येकाला बटण. एक बटण काढले की एकच पंजा बाहेर येतो. त्याची नखे कापली की पंजा आत, बटण बंद, पुढचे बटण. औषध पाजायचे तर चारही बटणे बंद ठेवायची. मांजराला इजा नाही, माणसाला ओरखडा नाही. इतकी साधी गोष्ट.

साधी गोष्ट आपल्याला साधी वाटली का? देवपुरातल्या भागाबाईंची गंगी नावाची मांजर खरजेने बेजार झाली होती. नातीच्या गालावर तिची नखे उमटली, तेव्हा घरच्यांनी पोते काढले. भागाबाई मांजर पदराखाली घेऊन दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी थैली काढताच त्या दोन पावले मागे सरकल्या.

"नही डाक्टर! थैलीमा गयेल मांजर मी आजलोंग परत येतांना देखेल नही."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. स्वतःचा हात कोपरापर्यंत त्या थैलीत घातला, नाडी आवळून घेतली आणि म्हणाले, "अक्का, आता बटण काढा. बोट बाहेर येतं का बघा."

भागाबाईंनी बटण काढले, बोट ओढून पाहिले, मग म्हणाल्या, "नख वाढेल शे तुमनं. पहिले तुमनंच कापा." आणि मग गंगी थैलीत गेली.

त्या दिवशी गंगीच्या अंगाला गंधकाचे मलम चोळलेले होते. ते तिने चाटू नये म्हणून डॉक्टर तिला थैलीतच ठेवून, तिच्या डोक्यावर ओला पंचा टाकून, सायकलवरून देवपुरात पोहोचवायला निघाले. नदीच्या पुलावर वना हमालाने थैली हलताना पाहिली. मांजर, थैली आणि नदी. झाले! सायकलीपुढे दहा-बारा माणसे उभी राहिली.

"डाक्टर, थैलीमा काय शे?"

"मांजर."

"जित्ती शे का?"

"आत्ता आहे. असेच घेरून उभे राहिलात तर तुम्हालाच काशीला जावं लागेल."

मागून भागाबाई धावत आल्या नसत्या तर त्या दिवशी काय झाले असते, कोण जाणे. "ए वना, सोड त्यास्ले! मन्ही गंगी शे ती!" पंचा काढला, गंगीने सगळ्यांवर फिसकारून घेतले आणि गर्दी पांगली. गंगी बरी झाली. त्यानंतर वना स्वतःच लोकांना दवाखान्याची वाट दाखवू लागला. अडतींतली, सरकीच्या गुदामांतली मांजरे येऊ लागली. अध्यक्षमहाराज, आपल्या अडतीतला बोकाही दोनदा त्या थैलीत जाऊन आला आहे, हे मी आपल्या परवानगीने सांगतो.

आता माझ्याकडे येतो. तीन महिन्यांपूर्वी मी स्थानिक वृत्तात तीन ओळी दिल्या. जशा छापल्या तशा वाचतो. "येथील गुरांच्या दवाखान्यात मांजरांची नखे कापून व औषध पाजून मिळते. डॉ. नेहेते थैलीशिवाय जनावराला हात लावत नाहीत. गरजूंनी लाभ घ्यावा."

कोणी हसले. तेव्हाही काही जण हसले होते. मला वाटले, बातमी आवडली.

पुढे महिन्याभराने वरच्या कचेरीचे पत्र आले. "आपण थैली घेतल्याशिवाय जनावरास हात लावत नाही, असे छापील तक्रारीवरून समजते. हे खरे काय?" डॉक्टरांनी सरळ मनाने उत्तर लिहिले. ते आज त्यांनी मला दाखवले. "खरे आहे. थैलीशिवाय काम करणे धोक्याचे असते. ही पद्धत सर्व दवाखान्यांत सुरू व्हावी, अशी विनंती आहे."

हसू नका. हे उत्तर वाचून साहेबांना काय वाटले असेल याचा विचार करा.

लगेच एक कारकून चुपचाप धुळ्यास येऊन गेले. दवाखान्याबाहेर त्यांना वना भेटला. इथे थैली लागते का, असे त्यांनी विचारले. वना म्हणाला, "लागस ना! थैलीबिगर डाक्टर हातच लावत नही." कारकुनांनी वही काढून विचारले, किती मोठी? वनाने मोठ्या कौतुकाने सांगितले, "जशी मांजर तशी थैली, साहेब." तेही लिहून घेतले गेले.

मग बदलीचा हुकूम आला आणि त्यात लाच हा शब्द होता, सोबत माझ्या बातमीच्या कात्रणाचा हवाला. थैलीचा दुसरा अर्थ डॉक्टरांच्या ध्यानात आला तो त्या दिवशी. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि कोणाशी बोलले नाहीत. पण कागद खिशात राहिला तरी शब्द बाहेर आला. चौदा वर्षांची नोकरी, घरी म्हातारी आई, आणि बाजारातून जाताना पाठीमागे कुजबूज. "थैलीवाला डाक्टर." सोमवारी साहेबांनी आरोप खरा धरला तर ही नोकरी गेली. आपण इथे शाल पांघरतो आहोत ती कशावर पांघरतो आहोत, हे आपल्याला कळावे म्हणून सांगितले.

कात्रण वर कोणी पाठवले, हा प्रश्न मलाही पडला होता. मी संशय घेतला. कोणाचा घेतला ते नाव घेऊनच सांगतो, कारण ते गृहस्थ इथे आले आहेत. बैलबाजाराजवळ जनावरांची औषधे विकणारे गिरधरभाऊ. मांजरांच्या औषधाचे त्यांचे गिऱ्हाईक दवाखान्याकडे वळले होते, तेव्हा हात त्यांचाच असणार असे मी मनाशी ठरवून टाकले. तीन आठवडे त्यांची जाहिरात जागा नाही म्हणून परत केली. शेवटी ते म्हणाले, "नाना, तुमना पेपरमा बठ्ठासले जागा शे, फक्त मलेच नही." उलट एवढा बोलतो म्हणजे खातरीच झाली, असे समजलो.

आज दुपारी तार वाचून झाल्यावर मी डॉक्टरांना म्हणालो, ज्याने कात्रण पाठवले त्याचे नाव मला ठाऊक आहे.

डॉक्टर सामान बांधत होते. हातातली दोरी तशीच राहिली. म्हणाले, "नाना, कात्रण मीच पाठवलं. थैलीबद्दल छापून आलं याचा आनंद झाला होता. साहेबांना दिसावं म्हणून तांबड्या पेन्सिलीनं ओळीखाली रेघ मारून पाठवली."

इतके दिवस या गावाने ज्याला शोधले तो माणूस हा. तक्रार कोणी केलीच नव्हती.

मग चूक कोणाची? घरी आल्यावर मी छापखान्यात गेलो आणि जुने कागद खोचायच्या लोखंडी तारेतून त्या आठवड्याचा मजकूर काढला. तो माझ्या हातात आहे. माझे अक्षर आहे. मूळ वाक्य असे: "डॉ. नेहेते जाड कापडाच्या थैलीशिवाय जनावराला हात लावत नाहीत." त्यातल्या दोन शब्दांवर निळी रेघ आहे. ती रेघही माझीच. बुधवारी टपालाची वेळ झाली होती, आमचा झुलाल छपाईचे खिळे जुळवून पानाचा फर्मा आवळत होता. म्हणाला, "नाना, ओळ बसत नही. काय काढू?" मी म्हणालो, "जाड कापडाच्या काढ. थैली कापडाचीच असते, हे कोणाला कळत नाही?"

मला वाटले, सगळ्यांना कळते. वीस वर्षे शब्द मोजून बसवणाऱ्या माणसाला हे कळू नये?

गिरधरभाऊ, भर सभेत तुमची क्षमा मागतो. तुमची जाहिरात गुरुवारी लागेल, पहिल्या पानावर, आणि... थांबा, गिरधरभाऊ उठले. रागावून निघालात का? नाही, नाही, पुढे येत आहेत. या. पहिल्या रांगेत जागा आहे. बसा.

आता तीन खुर्च्या राहिल्या.

सोमवारी काय होईल ते सांगायला मी ज्योतिषी नाही. साहेब माझे ऐकतील याचीही मला खातरी नाही. वर्तमानपत्रवाला डॉक्टरांना सामील आहे, असा संशय त्यांना आला तर मी त्यांना नावे ठेवणार नाही. आपण इतके दिवस दुसरे काय केले? म्हणून मी हा कागद घेऊन अकरा वाजता दवाखान्याच्या ओट्यावर उभा असेन, चिंधाभाऊ उरलेले तंबूचे कापड घेऊन येतील, आणि कारकुनांना काय सांगितले ते वना पुन्हा सांगेल, या खेपेला मांजरासकट. भागाबाईंनी आत्ताच दारात मला सांगितले, "मी येसू, नाना. सोमवारे गंगीनी नखे कापानीच शेतस." म्हणजे त्याही येणार; त्यांचा वार ठरलेलाच आहे.

तरीही चौकशी पुढे चालवतो म्हणाले, तर साहेबांना माझी एकच विनंती राहील. आपण गंगीला एकदा थैलीशिवाय हात लावून पाहावा.

डॉक्टरसाहेब, शाल घ्या, नारळ घ्या. निरोप मात्र आज मी आपल्याला देत नाही. तो सोमवारनंतर, आणि शिंदखेड्याच्या गाडीपर्यंत ताठ मानेने.

अध्यक्षमहाराजांनी मला दोन शब्द बोलायला उभे केले याबद्दल त्यांचे, पाहुण्यांचे आणि आपण शांतपणे ऐकून घेतलेत याबद्दल आपणा सर्वांचे आभार. ते दोन शब्द मी तीन महिन्यांपूर्वीच द्यायला हवे होते. आज त्यांच्या भोवती फार जास्त बोललो, कोणाचे नाव नको तिथे घेतले गेले असेल, तर ते माझ्या पदरात टाका आणि सोडून द्या. सोमवारी अकरा वाजता ओट्यावर पुढे उभे राहायला किती जण येतात, ते डॉक्टरही पाहतील आणि साहेबही.

त्या तीन खुर्च्या अजून रिकाम्या आहेत.