झाकण उघडंच होतं

मिस्त्री: …म्हणजे वर्षभर हे ग्रिल असंच भिंतीला टेकून उभं आहे म्हणा की.

वहिनी: वर कव्हर होतं.

मिस्त्री: कव्हर पावसाला अडवतं ताई, किड्यामुंग्यांना नाही. त्यांना तर आयतं छप्पर मिळतं. फोनवर काय म्हणालात, पेटत नाही?

वहिनी: साफ करायचंय म्हणाले मी. रविवारी यांचे साहेब येणार आहेत जेवायला, बायकोमुलांसकट. मागच्या अंगणात कणसं, मासे भाजायचे असं यांच्या डोक्यात आहे. तोवर होईल ना?

मिस्त्री: आधी नाडी बघू, मग औषध. सिलिंडर बंद आहे ना? हां. आता ही वरची जाळी काढतो… बाप रे! हे तेल आहे का डांबर? बादलीभर गरम पाण्यात सोडा घालून ठेवा, तासभर भिजू द्या. तारेचा ब्रश लगेच मारला तर माझा खांदा जाईल, जाळी जशीच्या तशी राहील.

वहिनी: पाणी ठेवलंय आधीच.

मिस्त्री: शहाण्या आहात. आणि ही नळी कुणी बांधली?

वहिनी: कुठली?

मिस्त्री: ही काय, सिलिंडरकडून येणारी. काळी चिकटपट्टी गुंडाळलीय. बांधलीय मोठ्या निगुतीने, पण गॅसच्या नळीला पट्टी म्हणजे सापाला दोरी बांधून घरात ठेवणं.

वहिनी: घरातल्याच कुणीतरी लावली असेल. त्यातून गॅस गळतो?

मिस्त्री: गळू शकतो.

वहिनी: गळू शकतो, का गळत होता? नीट बघून सांगा.

मिस्त्री: ताई, एवढं खोदून का विचारताय? काही झालं होतं का इथे?

वहिनी: भडका उडाला होता. गेल्या वर्षी. माझ्या दिरांचा हात भाजला. उजवा. हनुवटी, गळाही भाजला, पण ते भरून आलं. हात नाही भरला. चार बोटं एकमेकांना ओढून धरल्यासारखी झालीत.

मिस्त्री: आणि हे मला आत्ता सांगताय, मी गुडघ्यांवर बसून तोंड आत घातल्यावर?

वहिनी: चुकलं माझं.

मिस्त्री: चुकलं म्हणजे काय, थोडक्यात वाचलो. बरं, कसं झालं नेमकं?

वहिनी: हे म्हणतात, भाऊजींनी झाकण न उघडता गॅस सोडला. आत साठला, आणि ठिणगीचं बटण दाबल्यावर एकदम पेटला. त्या दिवशी भाऊजींनी थोडी घेतलीही होती. आनंदाचा दिवस होता. ते घड्याळं दुरुस्त करायचे, मनगटी, बारीक कामाची. सतरा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात. त्या दिवशी स्वतःच्या दुकानाची किल्ली हातात आली होती, म्हणून तर जेवण ठेवलं होतं.

मिस्त्री: ते स्वतः काय म्हणतात?

वहिनी: त्यांना आठवत नाही. बाकी सगळं आठवतं, झाकण उघडलं का नाही तेवढं नाही.

मिस्त्री: हं. माणसाला आठवत नसलं तरी लोखंडाला आठवतं. ते साबणाचं पाणी आणा इकडे. नळीवर सोडतो, सिलिंडर जरासा उघडतो. गळत असेल तर फुगे येतील. या, तुम्हीही बघा.

वहिनी: मला नाही बघायचं.

मिस्त्री: बघा हो, लपवण्यासारखं काय आहे त्यात? हे टोक… कोरडं. हे टोक… काही नाही. आता पट्टी काढून टाकतो. आतलं रबर बघा. वरचं सालपट तेवढं निघालंय, आतला थर शाबूत आहे. एक फुगा नाही.

वहिनी: पुन्हा बघा.

मिस्त्री: तिसऱ्यांदा बघतोय. नाही गळत. वर्षापूर्वीही गळत नसणार, चिरलेली नळी वर्षात आपोआप सांधत नाही. आणि हिच्यापाशी जाळ झाला असता तर ही वितळली असती. हिला धगसुद्धा लागलेली नाही. तरी नवी टाकतो मी, अशी ठेवायची नाही.

वहिनी: मग भडका कुठून आला?

भाऊजी: वहिनी, कोण आलंय? ग्रिल कुणी काढलंय?

वहिनी: मिस्त्री आहेत, भाऊजी. ग्रिल साफ करायला आलेत. तुम्ही जा वर, होईल आत्ता.

मिस्त्री: कशाला वर? या साहेब, इकडे या. तुमच्याच कामाचं आहे. हे झाकण वरखाली करून बघा बरं.

भाऊजी: मी नाही हात लावत त्याला.

मिस्त्री: बरं, मी करतो, तुम्ही बघा. कसं चालतंय?

भाऊजी: सरळ. दोन्ही बिजागऱ्या एका रेषेत आहेत.

मिस्त्री: बघा! घड्याळवाल्याची नजर. आता मला सांगा, बंद झाकणाखाली गॅस साठून पेटला असता तर या बिजागऱ्या सरळ राहिल्या असत्या? झाकण उडून त्या भिंतीवर गेलं असतं. असली चार-पाच झाकणं बघितलीत मी, पत्रावळीसारखी वाकलेली. हे उघडं होतं.

भाऊजी: काय म्हणालात?

मिस्त्री: झाकण उघडंच होतं, साहेब. तुम्ही उघडलं होतं.

भाऊजी: तुम्ही इथे नव्हता त्या दिवशी.

मिस्त्री: नव्हतो, म्हणून तर ग्रिललाच विचारतोय. आता इकडे पुढे या. ही गॅस सोडायची मूठ मी ओढून काढतो. तिच्या मागचा रंग बघा. फोड आलेत, करपलाय. आग भाजायच्या जागी लागलीच नाही. लागली ती इथे, मुठीच्या मागे. मूठ कुठल्या हाताने फिरवली होती?

भाऊजी: उजव्या. वाकून. लागलं का ते बघत होतो.

मिस्त्री: म्हणून हात आणि हनुवटी. आता एवढंच राहिलं, आग मागे का फिरली? हा बर्नर बाहेर काढतो. ही त्याची लांब नळी, हिच्या तोंडातून गॅस आणि हवा आत शिरतात. मी वाकल्यावर मला दिसत नाही, वय झालं. तुम्ही डोळा लावा.

भाऊजी: उजेडाकडे धरा. थोडं डावीकडे. बस… पलीकडचा उजेड दिसत नाही. बुजलंय. काहीतरी पांढरट आहे, कापसाच्या बोळ्यासारखं. आणि तोंडाच्या बाजूने काळं झालंय.

वहिनी: काय आहे?

मिस्त्री: कोळी, ताई. कोळ्याचं घर. त्यांना या नळ्या फार आवडतात, ग्रिल दोन-तीन महिने बंद राहिलं की आत शिरून विणत बसतात. वाट बुजली की गॅस पुढे जात नाही, उलटा फिरतो आणि मुठीपाशी जमतो. त्यात ठिणगी पडली की झालं. हा बाटली घासायचा ब्रश घालतो… आला. घ्या, हातात घेऊन बघा.

भाऊजी: हलकं आहे.

मिस्त्री: असणारच. फुंकलं तर उडेल.

भाऊजी: हे नंतरही झालं असेल. वर्षभर पडून होतं ना.

मिस्त्री: तुम्ही बघितलंत ना, एका बाजूने जळलंय? वर्षभरात कुणी पेटवलं का हे?

वहिनी: कुणीच नाही.

मिस्त्री: मग ते त्याच दिवशी जळलंय, आणि जळलं म्हणजे आधीपासून तिथे होतं. साहेब, तुमच्या जागी मी असतो तर मीही भाजलो असतो. माणसाची चूक एवढीच, की दर हंगामाला ही नळी ब्रशने साफ करायची असते. ती तुम्ही केली नाहीत, भावाने केली नाही, विकणाऱ्याने सांगितलं नाही. निम्म्या घरांत कुणाला माहीत नसतं.

भाऊजी: …मी बसतो जरा.

मिस्त्री: बसा. मी उरकतो तोवर. बर्नरची भोकं सुईने मोकळी करतो, खालचा तेलाचा ट्रे खरवडतो. ताई, जाळी आणा, भिजली असेल. आणि ही नवी नळी… बसली. पुन्हा साबणाचं पाणी… फुगा नाही. आता झाकण उघडं, सिलिंडर उघडला, मूठ फिरवली, आणि… हे बघा! निळी, एकसारखी, आवाज नाही. साहेब, बघितलंत का? अरे, कुठे गेले?

भाऊजी: इथेच आहे. दाराशी.

मिस्त्री: एवढे मागे?

भाऊजी: पाय आपोआप गेले.

मिस्त्री: जाणारच. बंद केलं बघा. चला, निघतो मी. ताई, जाळी घट्ट दाबून पुसा, नाहीतर गंजेल. येऊ?

वहिनी: या. …भाऊजी, वर जाऊ नका. थांबा जरा.

भाऊजी: थांबलोय.

वहिनी: नळीवर पट्टी होती. मी लावली होती.

भाऊजी: कधी?

वहिनी: त्या जेवणाच्या आठवडाभर आधी. फरशी धुवायला ग्रिल ओढलं, नळी चाकाखाली आली, सालपट निघालं. यांना कळलं असतं तर महिनाभर मला ऐकवलं असतं. म्हणून पट्टी गुंडाळली आणि गप्प बसले.

भाऊजी: पण नळीतून नव्हतं ना गळत? तुम्ही बोलत होतात तेव्हा जिन्यात ऐकलं मी.

वहिनी: ते आज कळलं. एक तासापूर्वी.

भाऊजी: म्हणजे…

वहिनी: हो.

भाऊजी: थांबा, मला जुळवू द्या. वर्षभर तुम्हाला वाटत होतं, माझा हात तुमच्यामुळे गेला.

वहिनी: हो.

भाऊजी: आणि दादा ताटावर बसून म्हणायचा, साधं झाकण उघडायची अक्कल नाही, तेव्हा तुम्ही वाढत असायचात.

वहिनी: हो.

भाऊजी: पाहुण्यांसमोर म्हणायचा. नंतर नंतर हसून म्हणायचा. तेव्हाही.

वहिनी: तेव्हाही. रोज ठरवायचे, आज सांगते. मग वाटायचं, इतके दिवस का लपवलं म्हणतील. जितका उशीर, तितकं तोंड उघडेना. आज मिस्त्रींनी मला सोडवलंच होतं. पट्टी कचऱ्यात गेली असती, कुणाला कळलंही नसतं.

भाऊजी: मग का सांगितलंत?

वहिनी: तुम्ही ते जाळं हातात घेतलंत आणि म्हणालात, नंतर झालं असेल. स्वतःवरचा आळ काढून घ्यायलाही तयार नव्हता तुम्ही. ते बघवलं नाही.

भाऊजी: वहिनी, दुकानाची किल्ली मी परत का केली, माहीत आहे?

वहिनी: हातामुळे.

भाऊजी: हातामुळे नाही. डावा हात वर्षात तयार झाला असता. ज्यांच्याकडे शिकलो, ते स्वतः येऊन म्हणाले होते, मी बसतो सोबत. पण मला वाटलं, झाकण उघडलं का नाही हे ज्याला आठवत नाही, त्याने लोकांची घड्याळं उघडू नयेत.

वहिनी: हे मला माहीत नव्हतं.

भाऊजी: तुम्ही विचारलं नाहीत. का विचारत नव्हता, ते आज कळलं. आता तिथे चपलांचं दुकान आहे. मी त्या रस्त्याने जात नाही.

वहिनी: मी यांना सांगते. आज, जेवताना. तुमच्यासमोर.

भाऊजी: दोन्ही सांगा. कोळ्याचंही आणि पट्टीचंही. नुसता कोळी सांगितलात तर तुम्ही सुटाल.

वहिनी: दोन्ही सांगते.

(त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर. अंगणात ग्रिल स्वच्छ पुसून ठेवलेलं.)

भाऊजी: दादा काय करतोय?

वहिनी: टीव्ही लावून बसलेत. आवाज बंद करून.

भाऊजी: मला वाटलं होतं, ओरडेल.

वहिनी: मलाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

भाऊजी: ‘गेलेल्या गोष्टी उकरून काय मिळतं.’ एवढंच. आणि मीठ मागितलं.

वहिनी: मीठ बरोबर होतं. तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

भाऊजी: बघितलं. हाताकडे. तुम्ही तेव्हा खाली बघत होतात.

वहिनी: रविवारचं विचारलं, तर म्हणाले साहेबांना बाहेरच जेवायला नेऊ. ग्रिल देऊन टाक कुणाला तरी.

भाऊजी: एवढं लख्ख झाल्यावर.

वहिनी: भाऊजी, मी तुमची माफी…

भाऊजी: नका मागू. मागितलीत की मला ‘असू दे’ म्हणावं लागेल. या घरात सगळं ‘असू दे’ वर भागतं. माझ्या तोंडून ते आत्ता निघणार नाही.

वहिनी: बरं. नाही मागत.

भाऊजी: परवा हात दाखवायला जायचंय.

वहिनी: डबा करून देऊ? तिथे फार वेळ बसवतात, म्हणता ना.

भाऊजी: डबा नको. दर खेपेला नवा डॉक्टर असतो. कागद चाळतो आणि विचारतो, कसं झालं? मी सांगतो, माझी चूक. तो लिहून घेतो.

वहिनी: परवा तसं सांगू नका.

भाऊजी: मी काहीच सांगणार नाही. तुम्ही चला बरोबर. त्याने विचारलं, की तुम्ही सांगा.