फ्रीजमधल्या बाटल्या

(दवाखान्याबाहेरचं बाकडं. थोरलीची अकरा वर्षांची मुलगी रक्त तपासायला आत गेलीय. थोरली आणि धाकटी, दोघी जावा, बाहेर बसल्यात.)

थोरली : ...तर मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई विचारतात, अंगावर पाजत होता तेव्हा खात काय होता? मी काय सांगणार? दिवसभर बेकरीत उभी. केकचे मोडके तुकडे आणि उरलेलं क्रीम, तेच जेवण.

धाकटी : तेवढ्यावरून पोरीची साखर वाढते होय?

थोरली : कारणं पुष्कळ असतात म्हणाल्या, पण आईच्या खाण्याचाही वाटा असू शकतो. पुढचं मी ऐकलंच नाही.

धाकटी : उगाच जिवाला लावून घेता, जाऊबाई.

थोरली : तुला बोलायला काय जातं? तुला सासूबाई गरम ताट हातात आणून द्यायच्या. डाळी काय, पालेभाज्या काय. म्हणून तुझा पोरगा वेताची काठी. चार जिने धावत चढतो. माझीला एका जिन्यात धाप लागते.

धाकटी : नजर नका लावू त्याला.

थोरली : लावते. खोटं कशाला बोलू? तो दिसला की माझ्या पोटात दुखतं. महिन्याच्या अंतराने झालेली दोघं. तेव्हा घर एक, आजी एक. फरक काय तो दुधाचा.

धाकटी : तसं नाहीये ते.

थोरली : मग कसं?

धाकटी : जाऊ द्या.

थोरली : बोललीस ना, आता पुरं कर.

धाकटी : कामावर जाताना तुम्ही दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायच्या. चार बाटल्या. काठोकाठ.

थोरली : लेकीसाठी. तूच तर पाजायचीस तिला.

धाकटी : माझं दूध पहिल्याच महिन्यात आटलं होतं. मी दार लावून बसायचे, सगळ्यांना वाटायचं पाजतेय. आत तुमची बाटली असायची.

थोरली : आणि माझी लेक?

धाकटी : तिला दिवसभर डब्यातली पावडर. डबा माझ्या कपाटात, साड्यांखाली. उपाशी नाही ठेवलं तिला, शपथ घेते.

थोरली : मागितलं असतंस तर दोघांना पाजलं असतं मी.

धाकटी : तुमच्याकडे मागायचं? तुम्ही दहा तास राबून यायच्या, तरी पदर ओला. मी ताटावर ताट रिचवायचे आणि थेंब नाही. जळायचे तुमच्यावर.

थोरली : म्हणजे ती वेताची काठी माझ्या क्रीमवर वाढली.

धाकटी : हो.

थोरली : आठ दिवस मी स्वतःला दोष देतेय. आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस.

धाकटी : आत जाऊन मीच सांगते डॉक्टरीणबाईंना. तुम्ही शिव्या द्या मला.

थोरली : देईन. सावकाश देईन. आधी संध्याकाळी त्याला माझ्याकडे जेवायला पाठव.

धाकटी : कशाला?

थोरली : समोर बसवून वाढेन. अकरा वर्षांत त्याला जेवताना मी कधी नीट पाहिलेलं नाही.