आधी लावंल त्याची सावली

—थांबा हो पावनं, घाई कावून करता? चाल तुमचीच हाय, कुनी पळवीत न्हाई — पर ह्या चारा छावनीत कालच आलात तुमी, हितली रीत ठाव न्हाई तुमाला. जनावरं चारशे आन सावलीला झाड एक, लिंबाचं, खाली जागा दोन बैलांची. मंग काय, रोज डोकी फोडायची? आसारामनं — म्हंजे मीच — ठराव मांडला, सोसायटीत मांडत्यात तसा, बिनविरोध मंजूर: दर सोमवारी तीन पत्ती, सहा जन, दहा-दहा चिंचोके, संपले की उठायचं. शेवटी उरतील त्या दोघांच्या जनावराला आठवडाभर सावली. पहिला-दुसरा काय न्हाई, दोघं सारखेच. आता उरलो आपुन तिघं.

बघा, माझ्याकडं सत्तावीस, तुमच्याकडं सत्तावीस, आन ह्या वच्छलाबाईकडं तीन. हा डाव तर तिनं पत्ते टाकून पॅक केलाच. दर डावाला पत्ते वाटायच्या आधीच एक चिंचोका बुटाचा म्हनून मदी जातो, म्हंजे तीन डावांत ती आपसूक उठनार — हासू नको गं, खरं हाय ते. अशा येळंला पत्ते न बघता सगळेच्या सगळे लावनं, ह्यात शहानपन हाय का? हाय! समोरचा चांगले पत्ते असले तरी पॅक करतो. त्याला वाटतं, बाई उठंपतोर दम धरला तर सावली आपलीच, मंग मरायचं कशाला? पर हे पहिल्यानं लावनाऱ्यालाच साधतं बरं का, दुसऱ्याला खरे पत्ते लागत्यात. आन वच्छलाबाईवर चालत न्हाई — तीन चिंचोक्यांच्या मानसाला भ्याव कसलं? मागल्या सोमवारी खेळातल्या सिदूनं तिच्यावर असेच सगळे लावले, उताना पडला. भ्याव असनाऱ्यालाच भ्याव दाखवावं. म्हनून म्हनतो, तुमी एक चिंचोका टाका, मी सगळे लावतो, तुमी पॅक करा. सरळ हिसाब!

मला? मला कसलं आलंय भ्याव? तो बघा, उन्हात बसलाय तो पांढरा — चेअरमन. नाव मीच ठिवलं, खातो आन बसतो, कुनाच्या बापाला उठत न्हाई. पर आता खरंच उठत न्हाई हो. गुडघा सुजलाय. डाक्टर म्हनला, आनिक आठवडा उन्हात काढला तर बैल हातचा जाईल. चौदा वर्सं झाली, बायकोसंगं बोललो न्हाई तेवढं त्याच्यासंगं बोललो. लई जीव हाय त्याच्यावर. तो गेला तर मी... जाऊ द्या. एवढी सावली घावली की मला काय—

ओ. ओ पावनं. सगळे? न बघता?

अहो, मी बोलत होतो ना!

वच्छलाबाई, दात काढू नको. थांबा, बघू द्या मला... दोन बादशा. दोन बादशा आल्यात हो, आन—

पॅक. बैलाकडं बघून पॅक हाय, तुमच्याकडं बघून न्हाई. वाट गं पत्ते. आन तुमी पावनं, जरा तोंड मिटून खेळा — लई बोलता.