जादूगार पुढे गेला

आमचं लग्न कसं ठरलं विचारताय ना, तर ऐका, त्यात माझीच शोभा आहे. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. कोठी भागातल्या एका सायबर कॅफेत मी, माझा दोस्त रज्जाक आणि आमच्या ऑफिसातली वसुधा शेजारी-शेजारी बसून ऑनलाइन लढाया खेळायचो. मी जादूगार होतो. दुरून आग फेकण्यात जबरदस्त, पण एका फटक्यात खलास. वसुधा चिलखतवाली योद्धा, मार झेलणं हे तिचंच काम. मी तिच्या मागे उभं राहायचं, बस.

त्या दिवशी राक्षस तिच्यावर धावून आला आणि माझ्या अंगात मर्दानगी संचारली. तिला वाचवायला मी पुढे झालो आणि जागच्या जागी मेलो. मग आग फेकायला कोणी उरलं नाही, म्हणून तीही मेली.

रज्जाक ओरडला, "अरे मियाँ, जादूगर होके सामने कायकू गया?"

"तिला लागेल म्हणून," मी पुटपुटलो.

वसुधाने खुर्ची माझ्याकडे वळवली. "एवढी काळजी आहे, तर लग्न करतोस का माझ्याशी?"

घाबरून मी खेळाच्या चॅटमध्येच "हो" टाइप केलं. ते खेळणाऱ्या सगळ्यांनी वाचलं, फक्त वसुधाने नाही. ती माझ्याकडे बघत होती.