शून्य अंडी

हर्षाली : डासाचं एकही अंडं नाही, काकू. सलग दुसरा आठवडा. आरोग्य केंद्रातर्फे सायखेड्यात चाळीस घरांत हे काळे डबे ठेवलेत मी. शून्य फक्त तुमच्याकडे.

लंकाबाई : मंग लिही की शून्य! आन् आमच्या सायलीला फोन कर, बाळंतपनाला माहेरी ये म्हनून. सातवा महिना लागलाय तिला. उद्या गाडी पाठवतो म्हनत्यात हे. तूच अडवून धरलंय, आधी डासांचं बघू दे म्हनून.

हर्षाली : मागच्या वर्षी याच गल्लीत चौघांना डेंगी झाला. गरोदर बाईला तो फार जड जातो, म्हणून थांबवलं.

धोंडीराम : मॅडम, शेजारच्या चिमणाबाईच्या डब्यात किती निघाली?

हर्षाली : त्रेसष्ट.

धोंडीराम : आन् मधी नुसती भिंत. डास काय दारावरची पाटी वाचून माघारी जातो व्हय?

लंकाबाई : तुम्ही गप बसा. माझं घर सोच्छ हाय.

हर्षाली : काका बरोबर विचारतायत. काकू, डबा आठवडाभर असाच होता? हात नाही ना लावला?

लंकाबाई : हात कशाला लावू? तू यायची म्हनून ताट तेवढं काढलं.

हर्षाली : कसलं ताट?

लंकाबाई : झाकायला! मागल्या साली शाळेत माईकवर तूच वरडत होती, पानी उघडं ठेवू नका. मी एकदा ऐकलं की ऐकलं.

धोंडीराम : (हसत) घ्या! हिनं सापळ्यालाच कुलूप घातलं.

हर्षाली : चूक माझी आहे. ते वापरायच्या पाण्याचं सांगितलं होतं. हा डबा मुद्दाम उघडा ठेवायचा. मादी आत येऊन या ओल्या फडक्यावर अंडी घालते. दर आठवड्याला पाणी मातीत ओतायचं, फडकं उकळत्या पाण्यात टाकायचं. हे मी नीट सांगायला हवं होतं.

लंकाबाई : मंग आमच्या घरची मादी गेली कुठं?

हर्षाली : तेच बघू. काका, बॅटरी द्या आणि फ्रिज जरा पुढे ओढा. मागे खाली ट्रेमध्ये पाणी साठतं... हं. या, बघा.

लंकाबाई : अगं बाई! वळवळतंय की सगळं! किती हायेत?

हर्षाली : अळ्या मोजत नाही आता. काका, उन्हात कोरड्या मातीवर ओता. मग कडा घासून काढा, अंडी तिथेच चिकटतात.

धोंडीराम : घासतो. झालं मंग, उद्या गाडी पाठवतो.

हर्षाली : उद्या नको. उडणारे डास अजून घरातच आहेत. दोन आठवडे डबा उघडा ठेवू, काय निघतंय ते बघू.

लंकाबाई : दोन आठवडे? पोरगी बॅग भरून बसलीय. लाडू वळून ठेवलेत मी.

हर्षाली : मी सांगू का तिला?

लंकाबाई : नको. लेक माझी हाय. दे तो फोन इकडं... हॅलो, सायली? उद्या नको येऊ, बाय. नाय गं, भांडण नाय. सगळे ठीक हायेत. घरात फुकटे भाडेकरू निघाले. त्यांना काढते, मंग मीच येते तुला घ्यायला.